थंडी असेल का हो तिकडे?

आमच्या माळ्यावर एक खाकी कॅनव्हासची बॅग आहे. चेन दोनदा बदललेली, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं भोक आणि त्यावर सासूबाईंनी शिवलेलं ठिगळ. आत सात स्वेटर, दोन मफलर, चार कानटोप्या (त्यातली एक माकडटोपी) आणि हातमोजे तीन. तीन जोड नव्हे, तीन. चौथा 1998 साली कुफरीच्या बर्फात राहिला. बॅगेला डांबरगोळ्यांचा वास इतका मुरलाय, की तो जिन्यात आला की कोणीतरी प्रवासाला निघालंय हे इमारतीला कळतं.

बॅग नावाला आमची. मुंबईत लोकरीचे कपडे विकत कोण घेतं? वर्षात दहा दिवस लागणार, उरलेले दिवस कपाटात जागा अडवणार आणि जुलैत त्यांना बुरशी धरणार. म्हणून एका घराने ठेवायचे आणि दहा घरांनी न्यायचे, अशी माहीमच्या आमच्या जुन्या इमारतीत रीतच पडून गेली. इमारत, मग माझं माहेर, मग दिरांचे शेजारी, मग यांच्या ऑफिसातले. शिमग्यापासून पोरांच्या परीक्षा संपून मे महिना अर्धा होईपर्यंत बॅग माळ्यावर टेकत नाही.

न्यायला येणारा प्रत्येकजण दारातच विचारतो, "काकू, थंडी असेल का हो तिकडे?"

सगळा घोटाळा त्या 'तिकडे'त आहे. मुंबईकराच्या लेखी देशात दोनच हवामानं: इकडचं आणि तिकडचं. इकडे घाम, तिकडे थंडी. तिकडे म्हणजे कुठेही. परवा तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं आलं. गंगटोकला निघालेत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मी म्हटलं, गंगटोकला फारशी नाही, पण त्सोमगो तलावाला जाणार असाल तर आहे. त्यांना वाटलं मी काहीतरी गंमत करतेय. तलाव गंगटोकपासून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे इथून फार तर अंबरनाथ-बदलापूर. बदलापूरला जाताना कोणी स्वेटर घेतं का?

मग मी त्यांना वही दाखवली.

वही बॅगेच्या आतल्या कप्प्यात असते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. सुरू केली सासऱ्यांनी. अण्णा रेल्वेत होते आणि पास हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा ऐवज होता. दरवर्षी एप्रिलमध्ये सगळं कुटुंब घेऊन निघायचे, आणि बरोबर एक लाकडी पट्टीवरचा थर्मामीटर. तो खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचे आणि मोठं स्टेशन आलं की वहीत आकडा टिपायचे. 1987 चं काश्मीरचं पान आजही वाचावं असं आहे. सुरत 34. रतलाम 36. कोटा 38, 'सौ.ला चक्कर, लिंबू सरबत'. जम्मू, दुपार, 33. मग बसचा प्रवास. जवाहर बोगद्याच्या अलीकडे 19. पलीकडे 9, आणि त्यापुढे एकच शब्द: 'स्वेटर!!' बोगदा तीन किलोमीटरचाही नाही. पीर पंजालच्या रांगेखालून तो पलीकडे निघतो आणि सबंध खोरं समोर येतं. त्या पानावर अण्णांनी निसर्गसौंदर्याविषयी एक ओळ लिहिलेली नाही. पण 33 वरून 9 पर्यंत बोट फिरवलं की मला अजूनही अंगावर काटा येतो.

पुढे वही बॅगेबरोबर फिरू लागली आणि अण्णांनी नियम केला: बॅग परत करताना वहीत दोन ओळी लिहायच्या. कुठे, कधी, काय लागलं, काय नाही लागलं. अण्णा गेले, नियम राहिला. हस्ताक्षरं बदलत गेली. काहींनी निबंध लिहिलेत, काहींनी तीन शब्दांत उरकलंय. माझ्या चुलतसासऱ्यांची नोंद आहे: 'मनाली. एप्रिल. बर्फ. पुरे.'

ही वही इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचली, की आता कोणी 'तिकडे' म्हटलं की मी आधी उंची विचारते. महिना नंतर. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा-साडेसहा अंश उतरतो, हा हिशेब अण्णांनी वहीच्या पहिल्याच पानावर चौकट करून लिहून ठेवलाय. गंगटोक 1,650 मीटरच्या आसपास, त्सोमगो 3,753. दोन हजार मीटरचा फरक म्हणजे बारा-तेरा अंश, आणि तेही दोन तासांच्या गाडीत. गंगटोकच्या बाजारात पातळ जॅकेटवर हिंडायचं आणि दोन तासांनी कडेच्या बर्फात उभं राहायचं. जोडप्याने माकडटोपी नको म्हणून सांगितलं. मी गुपचूप तळाशी घातली.

आणि छत्री. ती बॅगेत नसते, पण मी तोंडी सांगते. 'दार्जिलिंग-गंगटोक, एप्रिल, छत्री हवीच, कांचनजंगा दिसला नाही' अशा अर्थाच्या नोंदी वहीत मोजून पाच आहेत. डोंगर स्वच्छ दिसतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वसंतात त्या बाजूला धुरकट हवा, दुपारचे ढग, मधूनच सर, आणि भरपाई म्हणून ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं पेटलेली. शिखरासाठी गेलात तर हिरमुसाल, फुलांसाठी गेलात तर परत यायचं नाव घेणार नाही.

आता माझीच फजिती सांगते, कारण वहीतलं सर्वात लांब पान माझं आहे.

बॅगेची मालकीण असल्याच्या तोऱ्यात मी एकदा मार्चअखेरीला श्रीनगरला निघाले. ट्यूलिप पाहायचे होते. दल सरोवराच्या अंगाला, झबरवान टेकड्यांच्या पायथ्याशी 2007 साली मोठी ट्यूलिप बाग झाली, तेव्हापासून मनात होतं. आमच्याकडे पंखा पाचावर, कैऱ्या बाजारात आलेल्या. म्हटलं वसंत आहे, दोन पातळ स्वेटर पुरेत. पायात कॅनव्हासचे बूट. छत्री? मार्चमध्ये छत्री कोण घेतं?

पाच दिवसांपैकी चार दिवस पाऊस. धो धो नव्हे. आपल्या पावसाला एक जोर असतो, येतो तसा जातो. हा नुसता रिपरिपत राहतो, बर्फाच्या पाण्यासारखा गार, आणि हाडात शिरतो. बूट पहिल्या संध्याकाळीच भिजून लगदा झाले. घरमालकाने बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या शेगडीजवळ, वाळत ठेवले, तर सकाळी तळवा सुटलेला. त्याच्या आईने माझ्या हातात कांगडी दिली आणि अंगावर फिरन, म्हणजे तिथला सैल झगा, चढवलं. फिरनच्या आत निखाऱ्याचं मडकं धरून बसायचं ही कला चाळीशी उलटल्यावर शिकायची नसते, हे मला पदर जळाल्यावर कळलं. टॅक्सीवाल्याने ठेवणीतलं वाक्य ऐकवलंच: काश्मीरचं मौसम आणि मुंबईची फॅशन, कधी बदलेल सांगता येत नाही. मुंबईच्या प्रत्येक पाहुण्याला तिथला प्रत्येक टॅक्सीवाला हे ऐकवतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसतो.

परत आल्यावर मी शहाणपणा म्हणून माहिती काढली. काश्मीरच्या पावसाचं वेळापत्रक आपल्या बरोबर उलटं आहे. आपला मान्सून पीर पंजाल ओलांडून खोऱ्यात फारसा पोचतच नाही. तिथलं पाणी येतं ते हिवाळ्यात आणि वसंतात, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानावरून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमधून. हिंदी बातम्यांत ज्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात तेच हे. त्यामुळे मार्च हा श्रीनगरच्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. वर्षभरात तिथे साधारण 700 मिलिमीटर पडतो. मुंबईत एकटा जुलै तेवढा ओततो. पण आपल्याकडे मार्च कोरडा ठणठणीत, म्हणून डोक्यात मार्च आणि पाऊस हे शब्द जवळ येतच नाहीत.

ट्यूलिपचं काय झालं? बागेत गेले तेव्हा लाखो ट्यूलिप फुललेले होते आणि सगळे मिटलेले. थंडी आणि ढग असले की ट्यूलिप पाकळ्या मिटून घेतो. हिरव्या दांड्यांवर रंगीत मुठी, ओळीच्या ओळी, त्यांवरून थेंब ओघळतायत. माळी म्हणाला, धूप निकलेगी तो खुलेंगे. पाचव्या दिवशी, विमानाच्या आधी, अकराच्या सुमाराला ऊन पडलं. मी एका पिवळ्या ट्यूलिपसमोर छत्री (लाल चौकात घेतलेली, तिची दांडी पुढे दादरला मोडली) मिटून उभी राहिले. वीसेक मिनिटांत मूठ सैल झाली. पाकळ्यांची टोकं सुटली, मग मध्ये फट, आणि आतला काळा केसर दिसला. मला तेवढंच दिसलं. गाडी हॉर्न वाजवत होती.

घरमालकाची आई त्या गार पावसाला नावं ठेवत नव्हती. तिच्या लेखी हाच वसंत. काश्मिरीत त्याला 'सोंथ' म्हणतात. 21 डिसेंबरला चिल्लै कलान सुरू होतो, चाळीस दिवसांचा कडाका. मग वीस दिवसांचा चिल्लै खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लै बच्चा. इतकं सगळं सोसल्यावर जो पाऊस बर्फ न होता पडतो, तो तिला वसंत वाटणारच. आधी हरी पर्बतच्या पायथ्याशी बदामवारीत बदाम फुलतो, लोक समोवार घेऊन झाडाखाली बसतात, मग बाकीचे. माझ्यासारख्या बाईने कधी हिवाळाच पाहिलेला नाही. मी आयत्या वसंताला जाऊन बसले आणि गारठले म्हणून कुरकुरले.

तसं आपल्याकडे वसंताचं सगळंच गौडबंगाल आहे. वसंतपंचमी येते माघात. पंचांगाप्रमाणे मात्र माघ-फाल्गुन शिशिराचे, आणि वसंत चैत्र-वैशाखाचा. म्हणजे ज्या वैशाखापुढे आपण 'वणवा' लावल्याशिवाय बोलत नाही, तोच कागदोपत्री वसंताचा उत्तरार्ध! हवामान खात्याने तर वसंत यादीतूनच काढलाय. त्यांच्या हिशेबात जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ म्हणजे उन्हाळा. शाळेत आपल्याला ऋतू सहा शिकवले आणि घरी तीनच माहीत होते. मुंबईत दोन.

पण वसंत आहे. फक्त तो एका जागी बसत नाही, डोंगर चढत जातो. फेब्रुवारीत पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या पट्ट्यात टॅबेबुया गुलाबी होतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेले लोक फोन बाहेर काढतात. मार्चमध्ये विदर्भात पळस. (पळसाला पानं तीनच, ही म्हण ज्याने केली तो मार्चमध्ये प्रवासाला निघाला नसावा. तेव्हा पळसाला एकही पान नसतं, नुसती फुलं.) मार्चच्या मध्यावर चैत्र संक्रांतीला उत्तराखंडात फूलदेई, पोरं सकाळी घराघराच्या उंबरठ्यावर फुलं ठेवत जातात, आणि जंगलात बुरांश, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, लालबुंद. तो जसजसा वर चढावा तसा फिकट होत गुलाबी, पांढरट होतो. मग काश्मीरचा बदाम, ट्यूलिप. एप्रिलमध्ये लडाखच्या खालच्या गावांत जर्दाळू, आणि नंतर वरच्या. तिथे रात्री अजून पाणी गोठत असतं, आणि 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये पहिले दोन दिवस जिना चढतानाही धाप लागते. माझ्या भाचीने तिथून आल्यावर लिहिलंय: 'सगळे स्वेटर लागले. तिन्ही हातमोजे पण.'

राजस्थानविषयी वहीत वाद नाही. कोरडी हवा, उघडं आकाश, वाळू जशी तापते तशीच निवते. मार्चमध्ये जैसलमेरला दुपारी टोपी आणि रात्री शाल. ताडोब्याचंही तसंच, मार्चच्या पहाटे उघड्या जिप्सीत. 'सहाला कुडकुडलो, दहाला उकडलो, वाघ दिसला नाही.' मात्र त्याच विदर्भ-मराठवाड्यात याच दिवसांत गाराही पडतात. उत्तरेकडून सरकणाऱ्या झंझावाताची शेपटी आणि समुद्रावरून आलेली वाफ यांची गाठ पडली की झालं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर दोन आठवड्यांहून जास्त गारपीट चालली होती, हातातोंडाशी आलेली पिकं आडवी झाली. सहलीला गेलेल्याचा एक दिवस फुकट जातो; त्याविषयी तक्रार लिहायला मला तरी लाज वाटते.

याच चालीची कूर्गची एक नोंद आहे, माझ्या मामेभावाची. 'मार्च. तीन दिवसांची सहल, त्यात एक पूर्ण दिवस पाऊस. आम्ही वैतागलो. हॉटेलवाला नाचत होता.' मला हे वाक्य कित्येक वर्षं कळलं नाही. मग कळलं की तो हॉटेलवाला कॉफीमळेवालाही असणार. कॉफीच्या झाडाला कळ्या धरलेल्या असतात, पण त्या झोपलेल्या. मार्च-एप्रिलात एक चांगली सर पडली की त्या जाग्या होतात आणि नऊ-दहा दिवसांनी सगळा मळा एका रात्रीत पांढरा, मोगऱ्यासारखा वास. तीन-चार दिवसांत खेळ खलास. ती सर आली नाही तर पंपाने फवारे मारावे लागतात, जमलं तर. मामेभावाने फुलं पाहिलीच नाहीत. तो पावसात हिरमुसून परत आला आणि फुलं आठवड्याने आली. आता कोणी कूर्गला निघालं की मी विचारते, तिकडे पाऊस पडून किती दिवस झाले? लोक मला वेड्यात काढतात.

आणि मुन्नारची ही नोंद मी येईल त्या पाहुण्याला वाचून दाखवते: 'मार्च पहिला आठवडा. हवा उत्तम. राजमलै बंद. बकऱ्या बाळंत.' अक्षरशः खरं आहे. राजमलै हा एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातला पर्यटकांचा भाग. तिथे निलगिरी ताहर नावाची रानबकरी असते, तिच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान पर्यटकांना बंद ठेवतात. हवामानाच्या साइटवर सूर्याचं चित्र असतं, बाळंतिणीचं नसतं.

आता 14 एप्रिलचं बघा. आमच्या घरापासून चैत्यभूमी चालत वीस मिनिटांवर. त्या दिवशी पहाटेपासून निळे झेंडे, ताकाचे आणि पाण्याचे स्टॉल, दुपारी डांबर मऊ झालेलं, आणि त्या उन्हात अनवाणी उभी असलेली म्हातारी माणसं. आम्हीही कोपऱ्यावर दोन पिंपं पन्हं ठेवतो. त्याच दिवसाच्या मागेपुढे, सूर्य मेषेत येतो म्हणून, देशभर नवीन वर्षं लागतात: केरळात विशू, तमिळनाडूत पुत्तांडू, पंजाबात बैसाखी, बंगालात पोइला बोइशाख, आसामात बोहाग बिहू. सूर्य एकच, रास एकच. पण पंजाबात कोरड्या खडखडीत हवेत गहू कापायला तयार, केरळात दमट उकाड्यात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला, आणि पूर्वेला वादळ.

त्या वादळाविषयी माझे धाकटे दीर अर्धा तास बोलू शकतात. बँकेने त्यांना तीन वर्षं गुवाहाटीला टाकलं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो चार थेंब टाकून, मातीचा वास देऊन जातो. तिकडे पावसाळा यायच्या आधीच पाऊस रीतसर सुरू होतो. चेरापुंजी-मौसिनरामला एप्रिलमध्येच छत्र्या आणि बांबूची इरली बाहेर. बंगालात त्या वादळाला कालबैशाखी म्हणतात. दिवसभर घुसमट, चार-पाच वाजता वायव्येकडून काळीकुट्ट भिंत उठते, धूळ, वीज, गारा, आणि तासाभरात पारा दहा अंशांनी खाली. आसामात तिचं नाव बोर्दोइसिला. लोक सांगतात, ती एक लग्न झालेली मुलगी आहे. बिहूला माहेरी निघालीय आणि इतकी घाई झालीय की वाटेतली झाडं, छपरं, कुंपणं काही बघत नाही. बिहू संपला की तशीच धडधडत सासरी परत. दिरांच्या भाड्याच्या घराचे दोन पत्रे तिने जाताना नेले आणि एक येताना. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडायची. पत्रे गेल्याचं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "जाऊ दे रे, माहेरी निघालीय ती."

अलीकडच्या पानांवर 'लागलं नाही' हे शब्द वाढलेत. 'शिमला, मार्च, स्वेटर लागला नाही.' 'दिल्ली, होळी, शाल लागली नाही.' वहीवरून काही सिद्ध होत नाही, लिहिणारे मुंबईकर आणि घाम हा त्यांचा स्थायीभाव. पण 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीनेही तसाच पराक्रम केला, हे तर खात्याचंच म्हणणं. अण्णांच्या चौकटीतला हिशेब अजून बरोबर येतो. फक्त तो जिथून सुरू करायचा तो खालचा आकडा वर सरकलाय. म्हणून मी हल्ली बॅग देताना जुनी पानं वाचून दाखवते, पण पॅकिंग आदल्या रात्रीचं हवामान बघूनच करा म्हणते.

एवढं सगळं तिकडचं सांगणाऱ्या बाईची इकडची गत ऐका.

गेल्या आठवड्यात बंगळूरहून माझ्या चुलतनणंदेचा फोन आला. लग्नाला यायचंय. "वहिनी, मुंबईत हवा कशी आहे? काय कपडे आणू?" ती नऊशे मीटरवर राहते, तिच्याकडे स्वतःचे स्वेटर आहेत, आणि मुंबईच्या उकाड्याबद्दल ती दरवर्षी मला जबाबदार धरते.

काय सांगणार? आदल्या दिवशी पारा 38 च्या पुढे गेला होता. त्याच्या आदल्या दिवशी 32. मार्चमध्ये इथे असंच चालतं, आणि त्याचं कारण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. सकाळी वारा जमिनीकडून येतो. शाळेच्या भूगोलातले ते मतलई वारे. आमच्याकडे ते मिठी नदीच्या खाडीवरून येतात, त्यामुळे डोळे मिटूनही ओळखू येतात. मग जमीन तापते, साडेअकरा-बाराच्या सुमाराला वारा फिरतो, समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि पारा तिथेच थबकतो. पण मार्चमध्ये पूर्वेकडून, देशावरून, कोरडा तापलेला वारा जोर धरतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दारातच अडवून धरतो. खारा वारा बाराऐवजी दोनला आला, की त्या दोन तासांत होतं ते होतं. 1956 साली 28 मार्चला सांताक्रूझला 41.7 अंश नोंदले गेले होते. किनाऱ्यावर 37 अंश झाले आणि ते नेहमीपेक्षा साडेचारने जास्त असले की खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं. सपाटीवर तीच पायरी 40 ची. आणि हे सगळं वारा कधी फिरतो या एका गोष्टीवर. तिथे ना उंची कामाला येते, ना वही.

वहीत मुंबईचं पान नाहीच. मुंबईला जायला आमची बॅग कोण नेणार?

"वहिनी, ऐकतेयस ना? कॉटन आणू की सिल्क चालेल?"

साडेबारा वाजले होते. मी खिडकीशी गेले. स्वयंपाकघराचा पडदा गजांना चिकटून बाहेर ओढला गेला होता, खाडीचा वास येत होता, समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी पापड वाळत होते आणि कावळा चोच उघडी टाकून टाकीच्या सावलीत बसला होता.

म्हटलं, "थांब जरा. एक वाजता फोन कर."